बाभळीवरचा कॅमेरा

ट्रॅप कॅमेऱ्यात फोटो येत नाहीत म्हणून कुणाचा फोन आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्याला कुणी कुंकू लावलंय का? समोरच्या माणसाला वाटतं, बाई चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नसते. सेल, कार्ड, सेटिंग हे सगळं नंतर बघू, आधी कुंकू बघा.

परवा मावसभावाचा फोन आला. तो फुलंब्रीकडं मका करतो आणि रानडुकरांनी त्याला रडकुंडीला आणलंय. मी क्रांती चौकात एका दुकानाच्या पायरीवर उभी होते, हातात भाजीची पिशवी. तो म्हणाला, "ताई, तुझ्यावाणीच कॅमेरा घेतला बघ, पण लेकाचा रातभर डोळे मिटून बसतोय." मी त्याला एकेक गोष्ट विचारत गेले आणि बोलता बोलता माझा आवाज चढला. दुकानदार बघायला लागला. मका खाणाऱ्या डुकरासाठी कुणी एवढं घाबरून बोलतं का? पण थंडी पडली, जालना रोडला हुरड्याच्या पाट्या लागल्या, की माझं हे असंच होतं. लोकांना हुरडा म्हटलं की गूळ आठवतो, लसणाची चटणी आठवते. मला बाभळीला बांधलेला तो हिरवा डबा आठवतो.

तो दोन वर्षांमागचा हंगाम. आमची शेतवस्ती चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत गेलं की लागते. मी, आमचे हे आणि मुलगा मुकुंदवाडीत राहतो, आम्ही दोघंही कारखान्यात कामाला. वस्तीवर राहायच्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. भाऊजी गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तरी अक्का चार गाई आणि एक कालवड घेऊन तिथंच. पत्र्याचा गोठा, तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू उघडी. उघड्या बाजूला थोडी मोकळी जागा, मग बांध, बांधावर बाभूळ आणि बांधापलीकडं विहिरीच्या पाण्यावर वाढलेला आमचा थोडका ऊस. बाकी नजर जाईल तिथं जोंधळा.

एका सकाळी कालवड नव्हती. दावं तुटलेलं आणि उसापर्यंत मातीत ओढत नेल्याची खूण. सगळं गाव बघायला आलं आणि बघता बघता सगळ्यांनी मिळून ती खूण तुडवून टाकली. कुणी म्हणालं तरस, कुणी म्हणालं मोकाट कुत्री, कुणी छातीठोक सांगितलं बिबट्याच. वनखात्याची एक तरुण वनरक्षक मुलगी आली. जनावराच्या ठशांच्या जागी गावभरच्या चपलांचे ठसे बघून तिनं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, काय जनावर आहे ते नक्की कळल्याशिवाय पुढं काही करता येणार नाही, फोटो मिळाला तर फार बरं होईल. तिच्याकडचे कॅमेरे दुसऱ्या गावात लागलेले होते.

मी अक्कांना म्हटलं, "चला मुकुंदवाडीला. आत्ताच्या आत्ता."

"अन् गाई कुठं बांधू? तुझ्या गॅलरीत?"

"गाई विका."

"तू नोकरी सोड, मंग मी गाई विकते."

अक्कांची धार काढायची वेळ पहाटेची, उजाडायच्या आत. दुधाची गाडी रोडवर यायची, ती चुकली की दूध घरातच नासणार. म्हणजे रोज अंधारात एक एकटी बाई गाईजवळ उकिडवी बसणार आणि समोर ऊस. गडी होता, तो कालवड गेल्यापासून यायचा बंद झाला. आमचे हे दिवसपाळी असली की वस्तीवर झोपायला जायचे, पण पाळी बदलली की अक्का पुन्हा एकट्या. मला कामावर असताना मधेच घाम फुटायचा. थंडीत घाम फुटलेली बाई बघून सोबतच्या पोरी म्हणायच्या, मॅडम, डॉक्टरला दाखवा.

मग मीच कॅमेरा मागवला. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो तो. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. स्विच, रिले, सेन्सर दिवसभर माझ्या हाताखालून जातात आणि जरा खोट दिसली की मी माल बाजूला काढते. पोरी मला मागं रिजेक्टबाई म्हणतात, मला माहितीय. तर अशा बाईला एक कॅमेरा बांधायला काय लागतं, असं मला वाटलं. पट्ट्यानं बाभळीला आवळला, कमरेच्या जरा खाली, आणि झाकण लावून घरी आले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर स्कूटी दामटत गेले, तर कार्ड कोरं. आतल्या खटक्याला तीन जागा असतात. एक बंद, एक चाचणी, एक चालू. मी तो चाचणीवर ठेवून आले होते. आयुष्यभर चाचण्या घेतलेली बाई, दुसरं काय करणार.

आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं. कारण त्याच रात्री उसात काहीतरी खसखसत होतं, असं अक्कांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं, दूध फाटल्याचं सांगावं तितक्या सहज.

त्या हंगामाचा वास अजून नाकात आहे. दवानं भिजलेला कडबा, शेणाचा ऊबदार वास, शेजारच्या वावरात कुणी आगटी पेटवून कणसं भाजतंय त्याचा धूर. आणि उसाचा आवाज. वारा आला की ऊस सगळा मिळून हलतो. आत जनावर चाललं की एकाच जागी हलतो आणि ती जागा सरकत जाते. हे एकदा माहिती झालं की माणसाला उसाकडं निवांत बघता येत नाही. मी चहाचा कप हातात धरून उसाकडं बघत बसायची, चहा गार व्हायचा आणि अक्का म्हणायच्या, "पी की गं, तो काय आत्ता चहाला येतोय का."

खटका चालूवर केला तर कार्ड गच्च भरायला लागलं. सगळ्या फोटोंत ऊस. उसाचं पान, तेच पान जरा वाकलेलं, मग तेच पान सरळ झालेलं. या सेन्सरला डोळे नसतात, त्याला फक्त गरम काहीतरी हललं एवढंच कळतं. मी कॅमेऱ्याचं तोंड उगवतीला केलं होतं. ऊन चढलं, पानं तापली, वारा सुटला, की प्रत्येक पान त्याला जनावर वाटायचं. मला त्याचा राग येईना. माझीही तीच गत होती. आमच्या बाथरूमच्या खिडकीत टॉवेल हलला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. शेवटी तोंड उत्तरेला फिरवलं, पुढचं गवत खुरप्यानं काढलं, लोंबती पानं छाटली. आता चौकटीत एका बाजूला गोठ्याचा उघडा कोपरा, मधे मोकळी जागा आणि दुसऱ्या बाजूला उसाची कड, सगळं यायला लागलं.

मग सेल. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री मरायचा. असं का, म्हणून मी रिकाम्या डोक्यानं विचार करत बसले आणि नंतर झाकण उघडून सेल नीट बघितले. आमच्या ह्यांनी घरातल्या रिमोटमधले, भिंतीवरच्या घड्याळातले, मुलाच्या जुन्या खेळण्यातले असे सगळे अर्धे वापरलेले सेल गोळा करून घातले होते. नवे दोन, जुने सहा. रात्री थंडी पडली आणि अंधारातला दिवा लागायची वेळ आली, की ते मान टाकायचे. वर दर वेळी सेल काढले की आतलं घड्याळ मागं जायचं आणि फोटोवर कुठल्या तरी भलत्याच वर्षाची तारीख उमटायची.

"अहो," मी म्हटलं, "तो बिबट्या आपल्या सेलची सोय बघून येणार आहे का?"

"नवे आणले असते तर उधळपट्टी म्हणाली असतीस," हे म्हणाले. तेही खरंच होतं. त्या दिवसांत आम्ही दोघंही उगाच एकमेकांवर खेकसत होतो. सगळा राग त्या उसाचा होता आणि तो ऊस सोडून सगळ्यांवर निघत होता.

नवे सेल आले. कार्ड जुन्या फोनमधलं होतं, ते कॅमेऱ्याला पचेना, मग तेही पुसून नव्यानं बसवलं. आता खोट काढायला जागा नव्हती. आणि तरी फोटो येईनात. सुरुवातीला थोडे आले, मग कमी झाले, मग जवळजवळ बंदच. मला वाटलं, चला, जनावर गेलं असेल. एक-दोन दिवस बरं वाटलं. मग एका संध्याकाळी गव्हाणीवर बसून ते मोजके फोटो मी पुन्हा बघत होते आणि एकदम लक्षात आलं की त्यात अक्काही नाहीत. अक्का रोज पहाटे बादली घेऊन त्या कॅमेऱ्यासमोरून जातात, धार काढून परत येतात. त्या जर याला दिसत नसतील, तर मागच्या दिवसांत याच्यासमोरून आणखी कोण गेलं असेल ते देवालाच ठाऊक.

खटका मुद्दाम चाचणीवर केला. चाचणीत समोरून कुणी गेलं की छोटा लाल दिवा लागतो. मी समोरून चालले. नाही. हात हलवला, पदर हलवला, शेवटी त्याच्यापुढं उड्या मारल्या. लाल दिवा नाही. गाई माझ्याकडं बघत होत्या. मग मी भिंगाखालच्या त्या फुगीर पांढऱ्या गोलावरून, म्हणजे सेन्सरवरून, सहज बोट फिरवलं. बोट शेंदरी झालं.

बांधावर आमचा म्हसोबा आहे. अक्का रोज आंघोळ करून त्याला तेलातला शेंदूर लावतात, हळदकुंकू वाहतात. कॅमेरा बांधला त्या दिवसापासून त्या त्यालाही लावत होत्या. रोज थरावर थर.

"रखवालीला बसवलंय ना त्याला," अक्का म्हणाल्या. "मंग शेंदूर नको?"

"अक्का, तोच त्याचा जीव आहे. तिथूनच त्याला कळतं."

"मी डोळ्याला लावलं नाय हां. डोळा सोडून खाली लावायचे, जपून."

त्यांनी खरंच भिंगाला एक थेंब लागू दिला नव्हता. आणि मी काय बोलणार? तो शेंदूर रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. झाकण उघडताना, कार्ड काढताना, लावताना. मला तो दिसलाच नाही. आमच्याकडं फ्रिजला कुंकू असतं, गाडीला असतं, पिठाच्या गिरणीला असतं, दसऱ्याला मी माझ्या हातानं कारखान्यातल्या तपासणीच्या मशिनला लावते. लावलेलं कुंकू आपल्या माणसाला दिसत नाही, ते त्या वस्तूचंच अंग होऊन जातं. ओल्या फडक्यानं, मग साबणाच्या पाण्यानं, मग कोरड्यानं, असं करत मी तो गोल पुसून काढला. शेंदूर डब्याच्या डोक्यावर लावायचा असं ठरलं. अक्कांनी ते कबूल केलं, पण त्यांना पटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी फोटो मिळाला.

मी तो माझ्या मोबाईलवर उघडला तेव्हा अक्का कुट्टी टाकत होत्या. काळापांढरा फोटो, रात्रीचे तसेच येतात. उसाच्या कडेला बिबट्या, मान वळवून कॅमेऱ्याकडं बघणारा, डोळे पांढरे फटफटीत. गोठ्याचा कोपरा त्याच चौकटीत. म्हणजे तो तिथं उभा होता, जिथून गोठ्यात यायला त्याला एक झेप पुरली असती. इतके दिवस मी ह्याच फोटोसाठी मरमर मरत होते आणि आता तो हातात आल्यावर मला फोन धरवेना. अक्का जवळ आल्या, हात पदराला पुसले, फोन डोळ्यांपाशी नेला. बराच वेळ बघत राहिल्या.

"पोट बघ तिचं," त्या म्हणाल्या. "थानं बघ. अन् हे मागं काय हाय?"

मागं उसाच्या बुडाशी मांजराएवढी दोन पिल्लं होती. ती मला दिसलीच नव्हती.

"आता गं बाई," अक्का म्हणाल्या. "ही तर बाळंतीण हाय."

वनरक्षक मुलगी तासाभरात आली. तिनं फोटो बघितला, लांबूनच ऊस बघितला आणि आम्हाला ओट्यावर बसवून नीट समजावलं. "तुमची मागणी असेल तर पिंजऱ्यासाठी मी आजच वर कळवते. पण पिल्लं फार लहान आहेत. आई अडकली तर ती जगणं अवघड. थोडे दिवस थांबलात तर ती स्वतःच त्यांना दुसरीकडं नेईल. तोवर उसात कुणी पाऊल टाकायचं नाही आणि तुम्हाला फार जपून राहावं लागेल. बघा, काय करायचं ते तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं होतं. पिंजरा, असं म्हणणारच होते.

"सव्वा महिना होऊ द्या तिचा," अक्का म्हणाल्या.

मुलगी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हटलं, "अक्का, ती काय तुमची नणंद आहे का, माहेरी बाळंतपणाला आलेली? आणि ती कधी बाळंत झाली ते तुम्हाला कळवलंय का तिनं?"

"कळवलं नसलं म्हणून काय झालं. दारात बाळंत झालेली बाई सव्वा महिन्याच्या आत हाकलायची नसती."

"तिनं तुमची कालवड खाल्ली."

"पोटुशी होती. खाईल नाय तर काय करील?"

त्या मुलीसमोर मी आणखी बोलले नाही, पण ती गेल्यावर खूप बोलले. वाटेल ते बोलले. तुम्हाला मरायची हौस आहे, तुमच्या पोराला मी काय तोंड दाखवू, लोक म्हणतील धाकटीनं थोरलीला वाऱ्यावर सोडलं. अक्का ऐकत होत्या आणि गव्हाणीतला कचरा वेचत होत्या. त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोडणीची टोळी यायची होती. अक्कांनी मुकादमाला फोन करून आमची पाळी शेजाऱ्याला देऊन टाकली. ज्याच्या घरी ऊस आहे त्यालाच कळेल पाळी सोडणं म्हणजे काय असतं. पुन्हा टोळी कधी मिळेल याचा नेम नाही, तोवर ऊस उभ्या उभ्या वाळतो. मला एवढा संताप आला की मी जेवायलाही थांबले नाही.

चिडून स्कूटीवर बसले खरी, पण रस्ताभर आठवत राहिलं ते माझंच बाळंतपण. माझी आई लवकर गेली होती, म्हणून ते सासरीच झालं आणि सगळं अक्कांनी केलं. शेक-शेगडी, तेल-पाणी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. सव्वा महिना मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, आता उठून भाकरी टाकायला काय हरकत आहे. अक्कांनी एक शब्द न बोलता परात स्वतःपुढं ओढली. मला तेव्हा अक्कांचं कौतुक वाटलं होतं. आता तोच हट्ट एका बिबट्याच्या मादीसाठी, आणि मला फक्त भीती वाटत होती. अक्कांवर माझा जीव आहे. असल्या गोष्टी आमच्यात बोलून दाखवत नाहीत, पण आहे.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. सगळीकडं हुरड्याची धामधूम. कारखान्यातल्या पोरींनी एका रविवारी हुरडा पार्टी काढली, मलाही नेलं. समोर आगटी, गरम दाणे, सगळ्या हसतायत आणि मी पलीकडच्या उसाकडं बघतेय की तो सगळा मिळून हलतोय की एकाच जागी. यंदाही बोलावलंय त्यांनी. मी काहीतरी सबब सांगणार आहे.

कॅमेऱ्याचं काम मात्र आता बदललं होतं. रोज शिफ्ट सुटली की मी कार्ड काढायची आणि सगळ्यांत आधी अक्कांना शोधायची. पहाटे बादली घेऊन जाणाऱ्या अक्का. मग धार काढताना कोपऱ्यात दिसणाऱ्या अक्का, तोंड उसाकडं. त्या वनरक्षक मुलीनं आणि मी मिळून त्यांना तेवढं तरी बजावलं होतं, की पाठ उसाकडं करायची नाही. त्या आमचं ऐकत होत्या. बसायची बाजू बदलल्यामुळं गाय सुरुवातीला लाथ झाडायची, तरी त्या तशाच बसायच्या. मग कॅन घेऊन परतणाऱ्या अक्का. हे फोटो दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा. बिबट्या नंतर बघायचा. कधी ती दिसायची, कधी नाही. मी सेल वेळेआधीच बदलायची, गवत वाढू द्यायची नाही, सेन्सर रोज पुसायची. अक्का मला हसायच्या. म्हणायच्या, "माझ्यापेक्षा तूच त्याची लई पूजा करायलीस."

आणि रोज सकाळी, दुधाची गाडी जायच्या वेळेला, मी फोन करायची. "दिलं का दूध?" "दिलं." एवढंच. एक दिवस अक्कांनी फोन उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा. ह्यांची रात्रपाळी होती, ते अजून घरी आले नव्हते. मी गाऊनवर स्वेटर चढवला, स्कूटी काढली. मुकुंदवाडीचं स्टेशन, चिकलठाणा, विमानतळाची ती लांबच लांब भिंत, सगळं धुक्यात. पुढं उसाचे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडता येईना. थंडीनं बोटं बधिर झाली होती आणि मी तोंडानं मोठ्यानं बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. देवाचं नाव नव्हतं एवढं नक्की, बहुतेक अक्कांना शिव्याच होत्या.

अक्का गोठ्याबाहेर दगडावर बसल्या होत्या. स्कूटी स्टँडला न लावताच मी सोडली, ती आडवी झाली.

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"गोठ्यात राहिला वाटतं." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गेली."

"कोण?"

"ती. दोन्ही लेकरं घेऊन."

मी आधी त्यांना हात लावून बघितलं. खांदा, दंड, हात. कुठं ओरखडा नव्हता. मग बाभळीकडं गेले, कार्ड काढलं, ओट्यावर बसून मोबाईलला लावलं. बादली घेऊन जाणाऱ्या अक्का होत्या. त्याच्या पुढच्या फोटोत ती होती. ऊस सोडून मोकळ्या जागेत आलेली, अंग जमिनीलगत, तोंडात पिल्लू धरलेलं. तिच्या पलीकडं गोठ्याचा कोपरा आणि तिथं अक्का. आणि अक्कांची पाठ होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड भिंतीकडं होतं आणि पाठ तिच्याकडं.

"अक्का, ती तुमच्या पाठीमागं होती. तुम्हाला कळलंसुद्धा नाही?"

"कळलं की. गाईनं पान्हा चोरला, तवाच कळलं. चारी गाई कान ताठ करून बघायल्या. मंग मी बघितलं. बांधावर उभी, तोंडात लेकरू. मला बघून थांबली. म्हागं बी जाईना अन् पुढं बी येईना."

"मग?"

"मग मी पाठ केली."

"पाठ? तिच्याकडं?"

"बाळंतिणीकडं टक लावून बघतेत का गं? तिला तिथूनच जायचं होतं. मी बघत बसले असते तर ती लेकरू टाकून अंगावर आली असती, नाय तर म्हागं उसात गेली असती अन् पुन्हा उद्या तेच. म्हटलं, जा बाई, नाय बघत मी."

"आणि तिनं झेप घातली असती म्हणजे?"

अक्कांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. मला इतकं रडू येत होतं की मी मान खाली घालून फोटोच बघत राहिले, काहीतरी कामाचं बोलावं म्हणून. फोटोत अक्कांच्या पायापाशी, फरशीवर, एक मोठा पांढरा डाग होता. दिव्याचा उजेड कशावर तरी आपटून परत आला, की असे डाग येतात.

"इथं जरा बिघाड दिसतोय," मी म्हटलं. "काच पुसायला पाहिजे. बघते मी."

अक्कांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"बिघाड कशाचा," त्या म्हणाल्या. "दूध हाय ते. हात लई थरथरायले होते माझे, बादलीच धरवंना. सगळी कलंडली."

मी पुढचा फोटो उघडला. ती दुसऱ्या पिल्लासाठी परत आली होती. पांढरा डाग पसरत फरशीच्या कडेपर्यंत गेला होता आणि अक्कांची पाठ अजून तशीच तिच्याकडं होती.